आमच्या घराच्या वास्तुविशारद ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

वाढीव काम पूर्ण झालं, तोंडी आभारही मानून झाले. तरी हे पत्र सर्वांसमोर लिहितोय. वडिलोपार्जित घर वाढवायला निघालेल्या इतरांनाही तुम्ही काय केलंत ते कळू दे.

आम्हा भावंडांचा आग्रह होता की नव्या खोल्या हुबेहूब जुन्यासारख्या हव्यात, तेच कोरीव खांब, त्याच कमानी. तुम्ही सरळ नाही म्हणालात. ऐतिहासिक वास्तू कशा जपाव्यात हे सांगणाऱ्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचा दाखला दिलात: जुन्या वास्तूत जे नवं करणं अटळ असेल ते मूळ रचनेहून वेगळं ओळखू यावं, त्यावर आपल्या काळाचा ठसा असावा. सनद स्मारकांसाठी आहे, राहत्या घरांसाठी नाही, असा वाद दादाने घातलाच. ‘नकली खांब शेजारी आले की अस्सल खांबांवरही संशय येतो,’ या तुमच्या उत्तरावर तो गप्प बसला. (आमच्याकडे ही मोठीच घटना.)

पण खरे आभार त्या काचेच्या बोळकांडीचे. जुन्या घराचा पाया बसायचा तेवढा केव्हाच बसलाय. नव्या भागाचा पाया मात्र भार आल्यावर थोडा खचणारच. दोन्ही एकमेकांत गुंतवले असते तर सांध्यावर तडे गेले असते. म्हणून नवं बांधकाम स्वतःच्या पायावर वेगळं उभं केलंत आणि मध्ये ही अरुंद बोळकांडी ठेवलीत. तिचाही भार जुन्या भिंतीवर नाही. ये-जा करायला भगदाड पाडलं नाहीत. होती त्या खिडकीखालची भिंत काढून तिचंच दार केलंत, त्यामुळे वरची तुळई जागची हलली नाही. उद्या कुणी नवा भाग उतरवला, तर तेवढी भिंत बांधली की झालं.

नवं छप्पर जुन्या वळचणीच्या खालीच राहिलं, हेही छान.

गवंड्याने जुन्या विटांमधले सांधे सिमेंटने भरायला घेतले, तेव्हा तुम्ही काम थांबवलंत. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट तिला अडवतं, मग ती मऊ विटांतून वाट काढते, क्षार साठतात आणि विटांचे पापुद्रे सुटतात. चुन्यापायी काम लांबलं, घरात कुरकुर झाली. तुम्ही ती शांतपणे ऐकून घेतलीत आणि बदललं काहीच नाहीत!

बोळकांडी दुपारी तापते, ही तेवढी तक्रार. बाहेरून लावायच्या लाकडी झडपांचा नकाशा तुम्ही फाइलमध्ये ठेवलेलाच आहे. सुताराला घेऊन कधी येता ते कळवा.

आपला,
धाकटा