परीक्षा उत्तीर्ण, तरी प्रमाणपत्र अडवून वर्ग विकला: पैसे परत मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
प्रशिक्षण व प्रमाणपत्र विभाग

विषय: 'डेटाबेस डेव्हलपर – प्रोफेशनल' या प्रमाणपत्रासाठी सक्तीने घ्यायला लावलेल्या वर्गाचे ५६,६४० रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी नाशिकमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो आणि त्याच्या मुळाशी आपलाच डेटाबेस आहे. जूनमध्ये मी आपल्या 'प्रोफेशनल' पातळीच्या परीक्षेला बसलो आणि उत्तीर्ण झालो. गुणपत्रक त्याच संध्याकाळी आले. प्रमाणपत्र मात्र आले नाही. आठवडाभर वाट पाहून पोर्टल उघडले, तर माझ्या नावापुढे 'प्रशिक्षणाची अट अपूर्ण' असा शेरा होता.

अशी काही अट आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. परीक्षेचे शुल्क जीएसटीसह १४,७५० रुपये होते. ते ज्या पानावर भरले, तिथे अभ्यासक्रम, प्रश्नांची संख्या, वेळ, उत्तीर्ण होण्याची टक्केवारी, एवढेच काय, केंद्रावर घड्याळ घालून येऊ नये हेसुद्धा लिहिले आहे. वर्गाचा उल्लेख नाही. तो आहे 'प्रमाणन मार्ग' नावाच्या वेगळ्या पानावर, एका घडी घातलेल्या रकान्यात, जो दाबल्याशिवाय उघडत नाही. दोन्ही पानांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. आपल्या 'असोसिएट' पातळीच्या परीक्षेला ही अट नव्हती. त्या परीक्षेनंतर महिनाभरात प्रमाणपत्र घरपोच आले होते. वरच्या पातळीलाही तीच पद्धत असेल, असे कोणीही धरून चालेल.

मी आपल्या मदत कक्षाला लिहिले. पहिले उत्तर छापील होते. दुसऱ्यांदा मी नेमके प्रश्न विचारले. माझ्या कंपनीचे अनुभवपत्र चालेल का? नाही. दुसऱ्या संस्थेचा त्याच विषयाचा अभ्यासक्रम चालेल का? नाही. आपलाच स्वयंअध्ययनाचा व्हिडिओ संच, जो माझ्याकडे आधीपासून आहे, तो चालेल का? तोही नाही, 'प्रशिक्षकाने घेतलेला थेट वर्ग'च हवा. शेवटी मी विचारले की परीक्षा तर झाली, आता वर्ग उलट्या क्रमाने करायचा का? त्यावरचे उत्तर जसेच्या तसे देतो: 'वर्ग परीक्षेच्या आधी किंवा नंतर, केव्हाही पूर्ण केला तरी चालेल.'

माझी सगळी तक्रार या एका वाक्यात आहे. वर्ग शिकण्यासाठी असता, तर तो परीक्षेच्या आधीच हवा होता. परीक्षा होऊन गेल्यावर, आपणच मला 'येते' असे सांगून झाल्यावर, तोच विषय शिकवण्याचे पैसे कशाचे? ते शिक्षण नव्हे, ते परीक्षेचे दुसरे शुल्क आहे. आणि ते पहिल्या शुल्काच्या जवळजवळ चौपट आहे.

तरीही मी पैसे भरले. का, तेही सांगतो, म्हणजे 'ग्राहकाने स्वखुशीने वर्ग घेतला' असे उत्तर येणार नाही. एका बँकेच्या निविदेत दोन प्रमाणित डेव्हलपर दाखवणे आवश्यक होते, त्यातले एक नाव माझे होते आणि निविदा भरायची मुदत तोंडावर आली होती. आमचे ऑफिस परीक्षेचे शुल्क देते, वर्गाचे देत नाही. म्हणून ४८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५६,६४० रुपये मी स्वतःच्या खात्यातून भरले. पावती माझ्या नावावर आहे. पाच दिवसांची रजा काढली ती वेगळी, ती इथे मागत नाही.

आता वर्गाविषयी. प्रशिक्षक सज्जन होते, विचारलेल्या प्रश्नांना जमेल तशी उत्तरे देत होते, त्यांच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. पण 'प्रोफेशनल' पातळीच्या वर्गाचा पहिला दिवस माहितीचे टेबल कसे बनवायचे आणि दोन टेबले जोडणारा जॉइन कसा लावायचा, या अगदी प्राथमिक गोष्टींत गेला. मी ज्या संस्थांचे काम पाहतो, तिथे मार्चएंडला हजारो खात्यांवर व्याज लावण्याची प्रोसेस रात्रीत संपली नाही, तर सकाळी काउंटर उघडत नाही. ती का अडकते, एका कामाने नोंदीला लावलेले कोणते लॉक दुसऱ्या कामाला धरून बसले आहे, आकडेवारी जुनी झाल्याने ऑप्टिमायझर (माहिती कोणत्या मार्गाने शोधायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) भलताच प्लॅन का उचलतो, हे शोधण्यात माझी नोकरी जाते. त्यातले काही विचारावे म्हणून मी तिसऱ्या दिवसापर्यंत थांबलो, कारण स्लाइडवर 'परफॉर्मन्स ट्यूनिंग', म्हणजे डेटाबेसचा वेग सुधारणे, तिसऱ्या दिवशी होते. प्रशिक्षक म्हणाले, हा भाग वेगळ्या वर्गात येतो. त्याची फी वेगळी.

लॅबची गत आणखी वाईट. सरावासाठी दिलेले आभासी मशीन दुपारी जेवणानंतर उघडायचेच नाही. चौथ्या दिवशी तर 'लॅब घरी पूर्ण करा' असे सांगितले गेले, आणि घरी करायला लॉगिनची मुदत वर्गासोबतच संपत होती. तक्रारीचे तिकीट काढले, ते वर्ग संपल्यावर 'वर्ग संपला आहे' या कारणाने बंद झाले. हे वाचून हसू येते, तेव्हा आले नव्हते.

आणि या सगळ्याच्या शेवटी परीक्षा नाही, चाचणी नाही, एकही प्रकल्प नाही. मोजली जाते ती हजेरी. वर्गात निम्म्याहून अधिक माणसे कॅमेरा बंद आणि आवाज बंद करून बसली होती. एकाने चॅटमध्ये सरळ लिहिले की मी ऑफिसचे काम करतोय, हजेरीपुरता आहे. त्यालाही पूर्ततेचा दाखला मिळाला, मलाही.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर मला एक कारण सांगितले, त्याचा विचार मी प्रामाणिकपणे केला. ते म्हणाले, बाजारात प्रश्नांचे डंप, म्हणजे परीक्षेतल्या प्रश्नोत्तरांचे फुटलेले संच, विकले जातात, लोक उत्तरे पाठ करून पास होतात, म्हणून वर्ग सक्तीचा केला. डंपचा रोग खरा आहे, ते मी नाकारत नाही. पण डंप पाठ केलेला माणूस पाच दिवस आवाज बंद करून बसला, तर तोही पास आणि त्याची हजेरीही पूर्ण. अडला कोण? ज्याच्याकडे पन्नास हजार नाहीत तो. डंपवर उपाय परीक्षेतच आहे आणि तो इतरांनी करून दाखवलेला आहे. रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेत उमेदवाराला चालते मशीन देतात आणि त्यावर काम करून दाखवायला लावतात. कुबरनेटीस या सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रणालीची सीकेए परीक्षा दोन तासांची, तीही टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, हाताने काम करण्याची; अधिकृत दस्तऐवज उघडून पाहायला परवानगी असते. या दोन्ही ठिकाणी माणूस कुठे शिकला याची चौकशी कोणी करत नाही. आपल्याकडे आरटीओतसुद्धा खासगी चारचाकीचा परवाना देताना गाडी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलात की मामाकडून, हे विचारत नाहीत. गाडी चालवून दाखवा म्हणतात.

वर्गाची अट मुळातच वाईट, असे मी म्हणत नाही. पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्रासाठी ३५ तासांचे शिक्षण लागते, पण ते प्रमाणपत्र देणाऱ्या पीएमआय संस्थेकडूनच विकत घ्यावे लागत नाही. स्क्रम या सॉफ्टवेअर संघांच्या कामाच्या पद्धतीसाठी स्क्रम अलायन्स ही संस्था देते ते सीएसएम प्रमाणपत्र वर्गाशिवाय मिळत नाही, हे खरे. पण तिथे परीक्षा वर्गाच्या फीमध्येच येते आणि ते पहिल्याच पानावर कळते. ज्याला वर्ग नको तो स्क्रम डॉट ऑर्ग या दुसऱ्या संस्थेची त्याच विषयाची पीएसएम परीक्षा थेट देतो. मला सीएसएमची पद्धत पटत नाही, पण तिच्यात लपवाछपवी नाही. आपल्या पद्धतीत आहे.

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रमाणपत्रांबाबत २०११ साली असेच वादळ उठले होते. जावा बनवणारी सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली आणि पुढच्या वर्षी डेव्हलपर व आर्किटेक्ट या वरच्या प्रमाणपत्रांना वर्गात बसण्याची अट आली. त्यातल्या डेव्हलपर प्रमाणपत्रासाठी उमेदवार अख्खा प्रोग्रॅम लिहून देत असे, आणि त्यावर निबंधवजा परीक्षा होई. एवढे करून दाखवणाऱ्याला वर्गात का बसवायचे, हा प्रश्न तेव्हाही अनेकांनी विचारला. पण निदान त्या वेळी अट लागू होण्याची तारीख आधी जाहीर झाली होती, आणि ऑगस्टची ती तारीख पुढे ऑक्टोबरपर्यंत लांबवली गेली, म्हणजे अर्ध्या वाटेवरच्या लोकांना जुन्या नियमाखाली पूर्ण करता आले. आपण असोसिएट झालेल्या जुन्या उमेदवारांना साधा ईमेलही पाठवला नाही.

व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. एकाच संस्थेने शिकवायचेही आणि प्रमाणपत्रही द्यायचे, याला २०१२ च्या आवृत्तीत निःपक्षपातीपणाला असलेला धोका म्हटले आहे. आणि तितक्याच तोडीचे शिक्षण दुसरीकडे उपलब्ध असताना स्वतःचाच वर्ग ही एकमेव पूर्वअट ठेवू नये, असे त्यात स्पष्ट आहे. आपण हे मानक स्वीकारल्याचे आपल्या संकेतस्थळावर कुठे दिसले नाही, त्यामुळे ते आपल्यावर बंधनकारक आहे असा माझा दावा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र बंधनकारक आहे. त्याच्या कलम २(४१) मध्ये प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथेची व्याख्या आहे: एक वस्तू किंवा सेवा मिळवण्यासाठी ग्राहकाला दुसरी वस्तू किंवा सेवा घेणे भाग पाडणे, ही त्यात येते. परीक्षा ही एक सेवा, वर्ग ही दुसरी. पहिलीचे पैसे घेऊन झाल्यावर तिचे फळ दुसरीच्या खरेदीवर अडवून ठेवले, याला आपल्या कायदा विभागाकडे दुसरा शब्द असेल तर तो मला कळवावा.

माझी मागणी अशी. वर्गाचे ५६,६४० रुपये ज्या खात्यातून घेतले त्याच खात्यात परत करावेत, आणि माझे प्रमाणपत्र, जे परीक्षेच्या जोरावर मिळाले आहे, ते अबाधित ठेवावे. पैसे परत मागितले म्हणून 'अट अपूर्ण' हा शेरा पुन्हा लावला, तर ती वेगळी तक्रार होईल. परीक्षेचे शुल्क भरायच्या पानावर, रकमेच्या शेजारी, वर्गाची सक्ती आणि तिची पूर्ण फी जीएसटीसह लिहावी. ज्यांना वर्षानुवर्षांचा अनुभव आहे किंवा ज्यांनी दुसरीकडे तोच विषय शिकला आहे, त्यांना सूट द्यावी. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावर डेटाबेसचा अभ्यासक्रम शिकायला पैसे पडत नाहीत, शुल्क लागते ते परीक्षेपुरते. जळगावातल्या किंवा लातूरमधल्या एखाद्या नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीने तो करून आपली परीक्षा पास केली, तर तिला अडवायला आपल्याकडे काय कारण आहे, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. तिच्या पहिल्या नोकरीचे दोन-तीन पगार त्या वर्गात जातील.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. पोच देताना तक्रार क्रमांक द्यावा, आणि उत्तर मदत कक्षाच्या छापील मजकुरात नव्हे तर आपल्या नावाने व पदनामाने द्यावे. महिन्याभरात उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, नोंद करीन आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. त्या दाव्यात रजेचे पाच दिवसही मागीन.

उमेदवार क्रमांक, दोन्ही पावत्या, गुणपत्रक, मदत कक्षाशी झालेला पत्रव्यवहार, बंद केलेले लॅबचे तिकीट आणि दोन्ही पानांची छायाचित्रे ईमेलसोबत जोडली आहेत.

आपला,
एक प्रमाणपत्रधारक ग्राहक
नाशिक