लांब बाह्यांचा एप्रन नको

परिचारिका आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींना डॉक्टरांसारखा पांढरा एप्रन सक्तीचा करावा, अशी सूचना करणारे वाचकाचे पत्र वाचले. ती पटली नाही. ड्रेसिंग करताना बाहीची कड जखमेला, चादरीला, ट्रेला लागत राहते आणि हातही मनगटाच्या वरपर्यंत नीट धुता येत नाहीत. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७ मध्येच रुग्णसेवेत कोपराखाली बाही नको, घड्याळही नको, असे धोरण जाहीर केले. एप्रनने रुबाब येतो, हे खरे. पण कोल्हापूरच्या राजारामपुरीत मिसळीच्या टेबलावर टेकलेल्या त्याच एप्रनच्या बाह्याही आपण पाहतोच. ओळखीसाठी नाव-पदाचा ठळक बिल्ला पुरे. गणवेश अर्ध्या बाह्यांचा, रोज धुतलेला असावा आणि तो बदलायला रुग्णालयातच खोली मिळावी.

– एक निवृत्त परिचारिका, कोल्हापूर