सासूबाईचं नाव सातबाऱ्यावर कधी लागणार?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या घरी चार पिढ्यांच्या बाया एकाच चुलीवर जेवतो, आजेसासू, सासूबाई, मी अन् बारावीतली माझी पोरगी. वावर सहा एकर, कोरडवाहू, कपाशी अन् मधात तुरीची ओळ. डवरणी, फवारणी माणसं करतात पण टोबणं, निंदण, खत देणं, वेचणी सगळं बायांच्याच हातचं. आजेसासूला आता वाकता येत नाही तरी पहिल्या वेच्याच्या दिवशी सीतादही त्याच करतात, कपाशीपुढे दहीभात ठेवतात अन् मगच आम्ही ओटी बांधतो.

मागच्या साली मामाजी, म्हणजे माझे सासरे, दवाखान्यात भरती होते अन् पीककर्ज रिन्यू करायचं होतं, तर सासूबाई सगळे कागद घेऊन बँकेत गेल्या. तिथं म्हणाले तुमचं नाव सातबाऱ्यावर नाही, मालकालाच आणा. चाळीस वर्षं त्याच वावरात राबलेली बाई! येताना एसटीत एक शब्द बोलल्या नाही, घरी आल्यावर कितीतरी वेळ कोठ्यात गाईपाशी बसून होत्या. पीएम किसानचे वर्षाचे ६००० पण जमीन ज्याच्या नावावर त्यालाच.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८६ मध्ये नाशिककडे चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन भरवलं, पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम सुरू केली, हजारो नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. १९९२ मध्ये सरकारनेही परिपत्रक काढलं की नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. इतकी वर्षं झाली, आमच्या गावात विचारा, दहातल्या नऊ जणांना हे माहीतच नाही. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत पोरीला पोराइतकाच हक्क दिला, पण भावाशी वाकडं नको म्हणून बाया हक्कसोडपत्र लिहून देतात, मीही राखीला माहेरी गेली तेव्हा सही करून आली, अन् आता पोरीकडे पाहिलं की ते मनाला लागते.

म्हणून विनंती आहे, तुमच्या जिल्हा पानावर लक्ष्मीमुक्तीची माहिती छापा, अर्ज कसा करायचा, सोबत काय कागद लागतात सगळं. पेपर आमच्याकडे माणसंच वाचतात, अन् अर्ज पण त्यांनाच करायचा आहे.

मामाजींनी मागच्या सोमवारी पटवाऱ्याकडे नाव लावायचा, म्हणजे फेरफाराचा, अर्ज दिला. सासूबाई रोज संध्याकाळी विचारतात, फेरफार झाला का?

– एक शेतकरी बाई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ