वारली हवी, वारली चित्रकार नको?

महोदय,

बडोद्यात हल्ली वारली चित्रांची चलती आहे. हॉटेलची मेनूकार्डे, कुर्ते, सोसायट्यांच्या कुंपणभिंती, सगळीकडे तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती नाचणारी तीच गोल रांग. आमच्या भिंतीवरही ती आली, तयार छापे लावून, एका दुपारीत. स्वस्त पडली म्हणून सगळे खूश!

वारल्यांच्या घरी हे चित्र निव्वळ शोभेचे नसते. लग्नात सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक (विधीची चौकट) लिहितात, मध्ये पालघाट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणत विधी पार पाडते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही कला कागदावर आणली आणि शेती, मासेमारी, जंगल असे रोजचे जगणे रंगवले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे कला बाजारात आली याचे दुःख मला नाही. मशे यांनीच तो रस्ता उघडला. तक्रार मजुरीची आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, तरी काम मिळते छापेवाल्याला.

वारल्यांचे डहाणू तर आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. तिथल्या चित्रकारांना बोलवावे, नाव भिंतीवर लिहू द्यावे, मोबदला आधी ठरवावा. आणि आदिवासी चित्रेच हवी असतील, तर शेजारच्या छोटाउदेपूरच्या राठवा आदिवासींचा पिठोरा हा भित्तिचित्रांचा प्रकार आपल्या मराठी मंडळांना का आठवत नाही? तोही विधीचाच भाग आहे, तेव्हा बोलावताना त्यांनाच विचारून, त्यांच्या अटींवर.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे