सित्ती, तो चमचा बदललात त्याबद्दल

सित्ती,

तुमचं खरं नाव मला अजून माहीत नाही. अमेरिकेत, अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या सेंट इलायस चर्चच्या लेबनीज फेस्टिवलला तुमची नातवंडं तुम्हाला सित्ती म्हणत होती, त्याचा अर्थ आजी हे नंतर कळलं, आणि तेव्हापासून आमच्या घरातही तुम्ही सित्तीच.

माझी आई माळकरी. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली. आणि अलाबामात तर घेवड्याच्या शेंगासुद्धा हॅम, म्हणजे डुकराचं मांस, घालून शिजवतात, त्यामुळे बाहेर जेवायचं म्हणजे लेबनीज एवढाच आधार वाटायचा. पण चांगलं लेबनीज मिळेना. बोर्डावर मेडिटेरेनियन लिहिलेलं आणि ताटात पाणचट हमस, म्हणजे काबुली चण्याची चटणी. एका ठिकाणी तर मी तीनदा विचारलं, भातात मांस नाही ना, तीनदा नाही म्हणाले, आणि आईचं अर्धं जेवण झाल्यावर वाढणारा पोरगा सहज बोलून गेला की भात चिकनच्या पाण्यात शिजवतो. मॅनेजर म्हणतो, पण तुकडे नव्हतेच ना! आई काहीच बोलली नाही, गाडीत माळ मुठीत धरून बसली. त्यानंतर ती कुठेही डबा घेऊनच यायची. त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुमच्याकडेही ती डबा घेऊनच आली होती. मी फक्त एवढंच म्हटलं की आई मांस खात नाही. तुम्ही तिच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलंत, हातातला चमचा किब्बेच्या, म्हणजे मांसाच्या पदार्थाच्या, ट्रेला लागलेला होता तो बाजूला ठेवलात, मागे मोठी रांग होती तरी आत जाऊन हात धुतलेत, नवा चमचा आणलात आणि मग टोमॅटोतल्या शेंगा वाढल्यात. चमचा बदला असं आम्ही म्हटलं नव्हतं हो! आईनं मला विचारलं, यांना कसं कळलं? तुम्हीच सांगितलंत, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, आमच्याकडेही बिनमांसाचं जेवण असतं, त्याला सियामी म्हणतात. ज्यानं स्वतः काहीतरी पाळलंय त्याला दुसऱ्याचं पाळणं समजावून सांगावं लागत नाही. 1910 पासून हे चर्च तिथे आहे, इतक्या वर्षांत परक्या गावात आपलं जेवण टिकवायचं म्हणजे काय हे तुमच्या माणसांना माहीतच असणार.

मग कागदी पिशवीवर तुम्ही चार हॉटेलांची नावं लिहून दिलीत, आणि खाली परीक्षा. टॅबुले हे सॅलड हिरवं दिसलं पाहिजे, पार्सली (कोथिंबिरीसारखी असते ती) जास्त, दलिया नावाला. तूम ही लसणाची चटणी म्हणजे लसूण, तेल, लिंबू, मीठ, त्यात मेयोनीज असेल तर उठून या. द्राक्षाची पानं मागताना 'बि-झेत' म्हणायचं, म्हणजे तेलातली, खिम्याशिवायची. आणि मुजद्दरा, मसूर-भात, पण पाणी कुठलं ते विचारून.

चारही ठिकाणी जाऊन आलो सित्ती. आई पोटभर जेवली, डबा घरी ठेवून.

आता ती सांगलीला परत गेलीय. परवा फोनवर म्हणाली, द्वादशीला मुजद्दरा केला, कांदा त्या बाईंनी सांगितला तसा पार काळपट होईपर्यंत तळला, शेजारच्या काकूंनी दोनदा मागून घेतला. पिशवी आमच्या फ्रिजवर लावलीय. पुढच्या फेस्टिवलला हे पत्र इंग्रजीत वाचून दाखवायला येतोच, आणि आईनं तुमच्यासाठी तिळाच्या वड्या पाठवल्यात त्या घेऊन.