वही सांभाळणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

आमची कादंबरी छापायला गेली. मुखपृष्ठाच्या आत लेखकांची अकरा नावं असतील. आपलं नाव त्यांत घालायचं नाही, असं तुम्ही बजावून ठेवलंत. म्हणून हे जाहीर पत्र.

अनेकांनी मिळून लिहायचं तर भाषेचा सांधा जुळणार नाही, एवढीच धास्ती आम्हाला होती. खरा घोळ निराळाच निघाला. ज्याला त्याला आपल्या प्रकरणाच्या शेवटी धक्का द्यायचा होता, आणि तो निस्तरायचं काम पुढच्याच्या गळ्यात! चौथ्या प्रकरणात बुडालेला तांडेल सातव्यात जेटीवर जाळं दुरुस्त करत बसलेला. नायिका कधी ‘आई’ म्हणते, कधी ‘आवय’. तुम्ही प्रत्येक पात्राला वहीत एक पान दिलंत: वय, नातीगोती, कोण कुणाला काय हाक मारतं. तेव्हा कुठे माणसं एकसंध झाली.

१९८६च्या गणेश चवथीला कादंबरीतलं आमचं सगळं कुटुंब बसने मांडवी पूल ओलांडून पणजीला आलं होतं. तुम्ही समासात पेन्सिलीने लिहिलंत, ‘पूल ५ जुलैलाच कोसळला. यांना बेतीहून फेरीबोटीत बसवा.’ फेरीतली ती चेंगराचेंगरी, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं पदराखाली धरून उभी असलेली आजी, हे सगळं त्या एका ओळीतून आलं. पुस्तकातलं सगळ्यांत जिवंत प्रकरण आज तेच आहे, असं मला मनापासून वाटतं.

१९३१ साली इंग्लंडमधल्या डिटेक्शन क्लबच्या लेखकांनी ‘द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल’ मिळून लिहिली, तेव्हा पुढची प्रकरणं लिहिणाऱ्यांनी रहस्याचा आपापला उलगडाही लिहून द्यायचा, अशी अट होती. ती हकिगत सांगून तुम्ही आमच्याकडूनही पाकिटांत शेवट लिहून घेतलेत. पाकिटं उघडल्यावर कळलं, प्रत्येकाच्या मनात वेगळीच कादंबरी चालू होती. बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, त्या संध्याकाळी कडाक्याचं भांडण झालं. तुम्ही ते होऊ दिलंत, मग चहा आणलात आणि म्हणालात, “आता एक शेवट ठरवा.”

एवढं करूनही कुणाचं वाक्य तुम्ही आपल्या वळणाचं केलं नाहीत. पेडण्याच्या मित्राची लांबलचक वाक्यं तशीच आहेत, फोंड्याच्या ताईंचे तुटक संवादही. बाई, याबद्दल आम्ही सगळे तुमचे कायमचे ऋणी आहोत.

वही मात्र परत मागू नका. दुसऱ्या कादंबरीची पानं तिच्यातच सुरू झाली आहेत.

आपला,
अकरांतला एक