रॉबर्ट जॉन्सनची गाणी न सांगता संथ केल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : रॉबर्ट जॉन्सनच्या दोन एलपींच्या संचातील बदललेला वेग

महोदय,

रॉबर्ट जॉन्सन या अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादकाचा हा संच गेल्या महिन्यात तुमच्याकडून मागवला. वेष्टनावर ‘मूळ आवाजात’ असं छापलं आहे. पहिलंच गाणं लागलं आणि मी सुई उचलली. आवाज जड, गिटार ढिली, शब्द ओढत ओढत येणारे. टर्नटेबल तपासलं, ते बरोबर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवर फिरत होतं. मग जुनी सीडी लावून हार्मोनिअम पुढ्यात घेतली. सीडीवर पांढरी सातच्या आसपास लागणारं गाणं तुमच्या एलपीवर काळी चारच्याही किंचित खाली आहे. अडीच मिनिटांचं गाणं तीन मिनिटं चालतं. म्हणजे मूळ रेकॉर्ड २० टक्के जलद आहेत असं धरून तुम्ही सगळं संथ केलंत, आणि त्याबद्दल आतल्या पुस्तिकेत एक ओळही नाही.

वेग दुरुस्त करायला माझा विरोध नाही. १९२० च्या दशकातल्या अनेक तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांवर मुद्रित केलेल्याच नव्हत्या. ७८ ऐवजी ७४ फेरे धरले तरी पट्टी जवळजवळ अर्धा स्वर उतरते, त्यामुळे असे थोडे फरक कान लावून सुधारावेच लागतात. पण इथे तुम्ही दीड स्वराहून जास्त उतरवलं आहे. जॉन्सनचं ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनिओच्या हॉटेलात झालं आणि जून १९३७ मध्ये डॅलसला. दोन शहरं, मध्ये सात महिने, आणि दोन्हीकडे चूक तेवढीच, तीही एकाच दिशेने? त्याच्याबरोबर गावोगाव फिरलेला जॉनी शाइन्स १९९२ पर्यंत होता, जॉन्सनकडून शिकलेला रॉबर्ट लॉकवुड ज्युनिअर २००६ पर्यंत. हा आवाज त्याचा नव्हे, असं त्यांनी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

गिटारची पट्टी वेगाचा पुरावा म्हणून चालत नाही, हे तुमच्या तंत्रज्ञांना ठाऊक असणार. तारा वेगळ्या लावता येतात, पट्टी चढवणारा चिमटा, म्हणजे कॅपो, हवा तिथे लावता येतो. गळ्याचं मात्र तसं नाही. तुमच्या एलपीवर त्याची वरच्या पट्टीतली बारीक हाक घोगरी झाली आहे आणि तारेवर सरकणाऱ्या नळीची थरथर मंदावली आहे. सव्वीस वर्षांच्या पोराचा आवाज पन्नाशीचा वाटतो. मी गिटार शिकवते. माझ्याकडे शिकणारी मुलं रेकॉर्डबरोबर वाजवून शिकतात, आणि या संचावरून ती जे शिकतील ते त्याचं वाजवणं नसेल.

संच परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, पाठवणीचा खर्च तुम्ही सोसावा. उरलेल्या प्रतींवरून ‘मूळ आवाजात’ हे शब्द काढून वेग किती बदलला आहे ते ठळक छापावं. आणि पुढच्या आवृत्तीत न बदललेली गाणीही द्यावीत, म्हणजे ज्याला संथ ऐकायची असतील तो आपल्या टर्नटेबलवर वेग कमी करून ऐकेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

कळावे,
आपली एक ग्राहक